मूक संगणकाला वाचा

शाळांना देणगीरूपाने मिळणारे संगणक बहुधा जुने असतात. त्यांचा पडदा उजळतो, कळफलक चालतो, पण आवाज मात्र येत नाही. मग ते यंत्र ‘मुके’ ठरून अडगळीत जाते आणि विंडोज ९५ किंवा ९८ वरच चालणाऱ्या उच्चारशिक्षणाच्या सीडीही त्याबरोबर निरुपयोगी होतात. ऐकता न येणारे ध्वनिमुद्रण हे वाचता न येणाऱ्या ताम्रपटासारखेच होय. वास्तविक अशा यंत्रात पुष्कळदा मोडलेले काहीच नसते. त्याच्या भागांचा परस्परांशी मेळ तेवढा बसलेला नसतो.

हा मेळ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८१ सालचा आयबीएम पीसी हा प्रामुख्याने कार्यालयीन कामाचा संगणक. त्यात ‘पीं’ असा सूर काढणारा लहानसा स्पीकर तेवढा होता. १९८७ मध्ये अ‍ॅडलिब कार्डाने त्यास संगीताचे स्वर दिले. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर हे कार्ड आणले. त्यावर ध्वनिमुद्रित मानवी आवाजही वाजविता येऊ लागला. पुढे इतर उत्पादकही आपली कार्डे ‘साउंड ब्लास्टरशी सुसंगत’ म्हणून विकू लागले, इतका त्याचा दबदबा होता.

त्या काळातील डॉस या प्रणालीत ध्वनीची सामाईक व्यवस्था नव्हती. प्रत्येक प्रोग्राम कार्डाशी स्वतःच व्यवहार करी आणि त्यासाठी त्याला तीन अंक ठाऊक असावे लागत. पहिला, कार्डाचा पत्ता, म्हणजे जणू घरक्रमांक. तो बहुधा २२० असे. दुसरा आयआरक्यू, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारण्याची घंटा. ती बहुधा ५ किंवा ७. तिसरा डीएमए, म्हणजे प्रोसेसरला न थांबविता स्मृतीतून ध्वनीची माहिती थेट नेणारी वाट. ती बहुधा १. हे अंक ऑटोएक्झेक डॉट बॅट या फाईलमध्ये ‘सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१’ अशा ओळीने लिहीत. (प्रत्यक्षात ही ओळ रोमन लिपीत टंकावी लागते.) कार्डावरील जंपर एक अंक दर्शवीत असतील आणि फाईलमध्ये दुसराच असेल, तर आवाज येत नाही, किंवा एकच तुकडा पुनःपुन्हा वाजत राहतो. आयआरक्यू ७ हा सामान्यतः प्रिंटरच्या जोडणीचाही क्रमांक. तेथे दोघांची टक्कर होत असल्यास कार्डाला ५ हा क्रमांक देऊन पाहावा.

विंडोज ९५ पासून हे अंक प्रणालीच वाटून देऊ लागली. तेव्हापासून खरा अडसर ठरतो तो ड्रायव्हर, म्हणजे कार्ड व प्रणाली यांच्यामधील दुभाषी आज्ञावली. १९९७ साली इंटेलने एसी ९७ हे मानक मांडले आणि ध्वनीची सोय हळूहळू मदरबोर्डवरच येऊ लागली. तथापि मानक एक असले तरी एकच ड्रायव्हर सर्वांना चालत नाही. म्हणून वीजजोडणी काढून यंत्र उघडावे, चिपवरील अथवा मदरबोर्डवरील नाव व क्रमांक टिपावा आणि नेमका त्याचाच ड्रायव्हर मिळवावा.

तपासणीचा क्रम सोपा ठेवावा. प्रथम स्पीकर दुसऱ्या यंत्रावर वाजतो का, हे पाहावे. नंतर त्याची पिन योग्य छिद्रात आहे ना, याची खात्री करावी. रंगीत छिद्रे असल्यास फिकट हिरवे स्पीकरचे आणि गुलाबी मायक्रोफोनचे. पुढे व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये ‘म्यूट’वर खूण नाही ना, हे तपासावे. त्यानंतरच डिव्हाइस मॅनेजर उघडावा; तेथील पिवळे चिन्ह ड्रायव्हरचा अभाव किंवा अंकांची टक्कर सुचविते. अन्य ध्वनी ऐकू येतात, पण गाण्यांची सीडी वाजत नाही, असे असल्यास सीडी ड्राइव्हपासून कार्डापर्यंत जाणारी बारीक केबल जोडलेली आहे का, ते पाहावे.

कार्ड खरोखरच निकामी झाले असेल, तर डॉसवरील प्रोग्राम नव्या संगणकावर डॉसबॉक्सद्वारे चालविता येतात. डॉसबॉक्स साउंड ब्लास्टरची हुबेहूब नक्कल करते आणि तेथेही २२०, ७, १ हेच अंक भेटतात! जुन्या यंत्रातील ध्वनिमुद्रणे मात्र वेळीच नव्या संगणकावर उतरवून घ्यावीत. विंडोज ९८ ला मिळणारे सुरक्षा साहाय्य २००६ मध्येच थांबले असल्याने असे यंत्र इंटरनेटला जोडू नये.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एक विनंती. आपण संगणक देणगी द्याल तेव्हा त्यासोबत आलेली ड्रायव्हरची सीडीही अवश्य द्या. ती नसल्यास मदरबोर्डचे नाव व क्रमांक कागदावर लिहून यंत्राच्या पेटीस आतून चिकटवा. पुढे ते यंत्र उघडणाऱ्या शिक्षकाचे कित्येक दिवस त्या चिठ्ठीमुळे वाचतील आणि आमच्या मुलांना पाठ नुसता पाहावा न लागता ऐकताही येईल.