रोपाला सावली, सुनेला?

मृगाचा पाऊस पडून गेला की आमच्या गल्लीत रोपांची देवघेव सुरू होते. कुणाकडे वांग्याची रोपं जास्त झालेली असतात, कुणाकडे मिरचीची. ओल्या मातीसकट वर्तमानपत्रात गुंडाळून ती या अंगणातून त्या अंगणात जातात. आमचं तालुक्याचं गाव, त्यामुळे अजून पुष्कळ घरांमागे चार-सहा हात जागा शिल्लक आहे. (नवीन बांधकामात तिथे फरशी घालून सगळं 'स्वच्छ' करतात, तो भाग वेगळा!) भांड्यांचं पाणी अळवाला आणि केळीला, कोपऱ्यात गवती चहा, कढीपत्ता, एखादा शेवगा.

परसबागेनं मन प्रसन्न होतं, असं आपण नेहमी वाचतो. होतंच. पण मैत्रिणींनो, मला सगळ्यात जास्त शिकवलं ते रोप एका जागेवरून काढून दुसरीकडे लावण्याच्या कामानं.

आपल्याकडे मुलीला रोपाची उपमा फार जुनी आहे. एका अंगणात वाढायचं, दुसऱ्या अंगणात रुजायचं. पाठवणीच्या वेळी कुणी ना कुणी हे म्हणतंच आणि मांडवात पदर डोळ्यांना लागतात. उपमा चांगली आहे. माझी तक्रार एवढीच, की आपण ती अर्धीच वापरतो. रुजायची सगळी जबाबदारी रोपावर टाकून मोकळे होतो. लावणाऱ्या हातांना काय काय करावं लागतं, ते त्यात येतच नाही.

मिरचीचं घ्या. बी टाकल्यापासून पाच-सहा आठवड्यांनी रोप वीतभर होतं. काढायच्या आधी आठवडाभर पाणी हळूहळू कमी करायचं, म्हणजे ते जरा काटक होतं. काढायच्या दिवशी मात्र वाफा चांगला भिजवायचा, म्हणजे मुळांना धरून माती येते. ही जुनी माती जितकी शाबूत, तितकं रोप लवकर सावरतं. ती झटकून टाका, असं कोणतीही जाणती बाई सांगणार नाही. आणि घरात आलेल्या मुलीला मात्र पहिल्या आठवड्यातच 'आमच्याकडे आमटी अशी नसते', 'आमच्याकडे असं बोलत नाहीत'. काही घरांत तर नावसुद्धा बदलतात!

रोप लावायचं ते ऊन उतरल्यावर. तरी दुसऱ्या दिवशी ते मान टाकतंच. रोप काढताना पाणी शोषणारी बारीक मुळं तुटतात. पानांतून पाणी उडत राहतं आणि खालून तेवढं येत नाही. त्यात रोपाची खोट काही नसते. म्हणून तीन-चार दिवस दुपारच्या वेळी वर टोपली पालथी घालायची, नाहीतर कडुलिंबाची डहाळी खोचायची. रुजलं का ते बघायला उपटून पाहायचं नाही. बुंध्याशी कच्चं शेण घालायचं नाही, मुळं पोळतात. आणि लाडही बेतानंच, सारखं पाणी ओतलं तर मुळं कुजतात.

हे सगळं मला शेजारच्या मावशींनी शिकवलं. त्यांच्या हाताला भारी गुण. त्यांनी लावलेलं जगलं नाही असं होत नाही. त्यांच्या मुलाचं डिसेंबरात लग्न झालं. सून एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असतानाच लग्न ठरलं, मग शिक्षण राहिलं ते राहिलंच. मी महिला मंडळाचं काम करते, त्यामुळे घरोघरचं माझ्या कानावर येतं. हे तर भिंतीपलीकडचंच. "सहा महिने झाले, पोरगी घुम्यासारखी बसते. भाकरी थापताना डोळ्याला पाणी. मनच लागत नाही तिचं," मावशी सांगत होत्या आणि हातानं मिरचीच्या रोपावर टोपली घालत होत्या.

मी विचारलं, "मावशी, हे रोप कधी उभं राहील?"

"आठ दिवस जाऊ देत की. जागा बदललीय त्याची."

"आणि सूनबाईची?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कुणी घातली होती गं टोपली?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंधराव्या वर्षी त्या या घरात आल्या. सतराव्या वर्षी पहिलं मूल. त्या कशा उभ्या राहिल्या ते त्यांचं त्यांना माहीत. आणि हे काही फार जुन्या काळातलं समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे पाचातली एक!

मिरचीचं आणखी एक आहे. रोप लहान असतानाच त्याला फुलं आली, तर मावशी ती सरळ खुडून टाकतात. "आधी मूळ धरू दे, मग लागू देत मिरच्या." याच अंगणात बसून बायका सूनबाईला विचारतात, "काय गं, गोड बातमी कधी?" विशीच्या आतलं बाळंतपण जोखमीचं असतं, हे आशाताई घरोघर जाऊन सांगतात. ऐकून घेतात सगळ्या.

आणि हो, सगळंच काही उपटून लावता येत नाही. गाजर, मुळा, गवार यांचं बी जागेवरच टाकायचं. ती हलवलेली सोसत नाहीत. पण मुलगी लग्नानंतर आपल्या आईवडिलांजवळ राहिली, की नवऱ्याला 'घरजावई' म्हणून हसायला सगळी गल्ली तयार!

मावशी त्या दिवशी पुढे काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी दळण आणायला निघाले होते, तेव्हा त्यांनी फाटकाशी थांबवलं. "ते नाशिकचं घरी बसून शिकायचं कॉलेज असतं ना, त्याला काय काय लागतं?" कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं. नोकरी-संसार सांभाळून तिथून पदवी घेतलेल्या कितीतरी बायका तुमच्याही ओळखीत असतील. प्रवेशाचा अर्ज आता ऑनलाइन भरतात, तो भरून द्यायला मी आहेच.

घरात अजून एकमत नाही. मुलगा म्हणतो, "आता कशाला?" सासरे काहीच बोलत नाहीत. बारावीची आणि पहिल्या वर्षाची गुणपत्रिका माहेरी आहे. पहिल्या पंचमीला सूनबाई जाईल, तेव्हा घेऊन येईल. तिला तिथे चार दिवस जास्त राहू द्या, एवढं मी मावशींना सांगून ठेवलंय.