ताईचा लॅपटॉप आणि वहीचं एक पान

मुलांनो, रत्नागिरीत पावसाची पहिली मोठी सर आली, की आंब्याचा हंगाम संपतो. आंबे काढायची घळ पडवीत टांगली जाते, रिकाम्या पेट्या माळ्यावर जातात आणि बाबा हिशेबाला बसतात. समोर वाशीच्या बाजारातून आलेल्या पट्ट्या असतात. फवारणी किती, मजुरी किती, गाडीभाडं किती, हे सगळं वजा जाऊन जे उरेल ते वर्षभराचं! तोवर बारावीचा निकालही लागलेला असतो. गोगटे-जोगळेकर महाविद्यालयात नाहीतर फिनोलेक्स ॲकॅडमीत संगणकाच्या अभ्यासक्रमाला जाऊ पाहणारी ताई हळूच म्हणते, "बाबा, मला लॅपटॉप लागेल."

झालं! मामा एक नाव सांगतो, शेजारचा दादा दुसरंच सांगतो. दुकानदार तर सर्वांत महागाचं उघडून दाखवतो. बाबा म्हणतात, "चांगला घेऊ, पैशाचं बघू नकोस." पण पैशाचं बघावं तर लागतंच ना? मग नेमकं काय बघायचं? हे आज आपण समजून घेऊ. तुमच्याकडे आंब्याची बाग नसेल, तरी प्रश्न हाच आहे. आणि लहान आहात म्हणून गप्प बसू नका. ताईबरोबर दुकानात तुम्हीही जाणारच आहात, बरं का!

ओटा, फडताळ आणि हात

आधी आपल्या स्वयंपाकघरात चला. आई भाजी चिरते, कणीक मळते ती ओट्यावर. डबे राहतात फडताळात. काम करतात ते आईचे हात. लॅपटॉपमध्येही तसंच असतं. प्रोसेसर म्हणजे हात. रॅम म्हणजे ओटा, आणि एसएसडी म्हणजे फडताळ.

ओटा लहान असला, तर एक भांडं ठेवायला दुसरं उचलावं लागतं. रॅम कमी पडली, की लॅपटॉपही असाच अडतो आणि आपण म्हणतो, "हँग झाला!" म्हणून ताईसाठी ८ जीबी रॅम ही कमीत कमी धरा. १६ जीबी परवडली तर चारही वर्षं निवांत. काही लॅपटॉपमध्ये रॅम नंतर वाढवता येते, तर काहींमध्ये ती आतल्या पट्टीवर कायमची डकवलेली असते. तेव्हा "रॅम पुढे वाढवता येईल का?" हे विचाराच. येत असेल, तर आज ८ घेऊन पुढच्या हंगामात वाढवता येते.

फडताळ मात्र एसएसडीचंच हवं. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी गरगर फिरत असते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. त्यामुळे ती कितीतरी वेगानं चालते आणि एसटीच्या धक्क्यांनाही घाबरत नाही. ५१२ जीबी पुष्कळ झाली. प्रोसेसर इंटेलचा आय-५ किंवा एएमडीचा रायझन-५ या दर्जाचा असला, की पुरे. फक्त तो फार जुन्या पिढीचा नाही ना, तेवढं पाहा.

कॉलेजात करतात काय?

आता तुम्ही विचाराल, "एवढ्यानं भागेल?" त्यासाठी ताई कॉलेजात काय करणार, ते पाहू. ती सी, जावा, पायथॉन अशा भाषांत प्रोग्रॅम लिहील. हजार ओळींचा प्रोग्रॅम मोबाइलच्या एका फोटोपेक्षाही कमी जागा घेतो! आणि तो लिहायला लागणारी बहुतेक सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

एक गंमत सांगतो. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात लिनस टोरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी होता. त्याच्या संगणकात रॅम होती फक्त ४ एमबी. म्हणजे आपण ताईसाठी ठरवलेल्या ८ जीबीचा साधारण दोन हजारावा भाग! त्या संगणकावर त्यानं लिनक्स लिहायला घेतलं. आज तुमच्या घरातला अँड्रॉइड मोबाइल त्याच लिनक्सच्या गाभ्यावर चालतो.

आणि त्याच वर्षी आपल्या पुण्यात काय घडलं, माहीत आहे? भारताला अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळत नव्हता. म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या शास्त्रज्ञांनी बाजारात मिळणारे छोटे छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडले, एकच काम सगळ्यांत वाटून दिलं, आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. डॉ. भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरांबा गावचे. मोठं यंत्र मिळालं नाही म्हणून ही माणसं अडली नाहीत. हाताशी होतं त्यातून काम कसं काढायचं, हे त्यांनी शोधलं. संगणकशास्त्र म्हणतात ते यालाच.

खेळाचा लॅपटॉप कशाला?

दुकानात एक लॅपटॉप तुमचं लक्ष हमखास वेधेल. त्याचा कीबोर्ड लाल-निळा चमकत असतो. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असतं. खेळांसाठी ते उत्तम, पण ते वीज खातं, तापतं, आणि लॅपटॉपचं वजन दोन-अडीच किलोपर्यंत नेतं. लांज्याहून किंवा पालीहून रोज एसटीनं ये-जा करणाऱ्या ताईच्या पाठीवर हे ओझं कशाला?

"पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासाला ते लागतंच!" असं कोणी सांगेल. पहिल्या वर्षी लागत नाही. पुढे लागलं, तर गूगल कोलॅबसारख्या सोयी आहेत. त्यात आपण घरी बसून प्रोग्रॅम लिहायचा आणि तो दूरच्या मोठ्या संगणकावर चालवायचा. थोडं काम फुकटही होतं.

कोकणातला पाऊस विसरू नका

लॅपटॉपच्या जाहिराती पाहताना आपल्याला रत्नागिरीच आठवायला हवी. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. झाड पडलं, की तार तुटते आणि वीज जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या किती घरांत दिवसचे दिवस अंधार होता! म्हणून बॅटरी महत्त्वाची. डब्यावर लिहिलेले तास प्रत्यक्षात कमीच भरतात. वापरणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यालाच विचारा, "खरोखर किती तास चालते?"

दुसरं म्हणजे दमट, खारी हवा. पावसाळ्यात आपल्या कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, मग लॅपटॉपच्या आतल्या धातूचं काय होईल? तो महिनोन् महिने बंद ठेवू नका. रोज चालला, की आतल्या उबेनं कोरडा राहतो. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि विजा कडकडायला लागल्या, की चार्जर प्लगमधून काढा!

तिसरं, दुरुस्ती. त्या कंपनीचं सेवा केंद्र रत्नागिरीत आहे, की आंबा घाट चढून कोल्हापूरला पाठवावा लागेल? ऐन परीक्षेत लॅपटॉप बिघडला, तर हा प्रश्न किमतीहून मोठा ठरतो. पडलेला किंवा पाणी गेलेला लॅपटॉप साध्या वॉरंटीत बसत नाही, हेही लक्षात ठेवा.

पैसे कमी असतील तर?

तर लाजायचं कारण नाही. जुना लॅपटॉपही चालतो. मात्र एक गोष्ट नीट तपासा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा कंपनीचा नेहमीचा आधार संपला. पुष्कळ जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. इंटेलचा प्रोसेसर असेल, तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. नसेल, तर लिनक्स घालून वापरता येतो, आणि शिकायला ते वाईट मुळीच नाही.

पालकांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. शिक्षणासाठी बँकेचं कर्ज घेणार असाल, तर अभ्यासक्रमाला संगणक आवश्यक असल्यास त्याचा वाजवी खर्चही त्या कर्जात धरता येतो. बँकेत जरूर विचारा. आणि हेही नको असेल, तर घाई करू नका. कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा असते. काही महिने तिथे सराव करावा, प्राध्यापकांना आणि वरच्या वर्गातल्या मुलांना विचारावं, मग घ्यावा. एखादा विषय आवडतो की नाही, हे लॅपटॉप घेतल्यानं कळत नाही. पहिला प्रोग्रॅम दहादा चुकूनही अकराव्यांदा बसावंसं वाटतं का, यावरून ते कळतं.

वहीचं एक पान

चला तर मग, वहीचं एक पान फाडा आणि हे सहा प्रश्न लिहा:

१. कॉलेजनं काही अट घातली आहे का?
२. रॅम किती? पुढे वाढवता येईल का?
३. एसएसडी आहे ना? किती जीबीची?
४. बॅटरी खरोखर किती तास? वजन किती?
५. वॉरंटी किती वर्षांची? दुरुस्ती कुठे होते?
६. पक्कं बिल मिळेल ना? बिलावरचा आणि लॅपटॉपवरचा क्रमांक एकच आहे ना?

हे पान घेऊन मारुती मंदिरापासून राम आळीपर्यंत दोन-तीन दुकानं फिरा. उत्तरं एकाखाली एक मांडा. घरी आल्यावर बाबांच्या हिशेबाच्या वहीशेजारी ते पान ठेवा आणि सगळ्यांनी मिळून ठरवा. त्या पट्टीतला एकेक रुपया झाडावर चढून खाली उतरलेला असतो. तो दुकानातल्या लाल-निळ्या दिव्यांवर जायचा की ताईच्या अभ्यासावर, हे ठरवायला तुमच्या त्या पानाचा उपयोग होईल.

मग, जाणार ना ताईबरोबर?