रेस उतरत नाही

मोटरसायकलवाल्याची तक्रार एवढीच असते: रेस अडकते. चिपळूणच्या आमच्या मिस्त्रींना तेवढ्यावर भागत नाही. ते उलट विचारतात, मूठ परत येत नाही, की मूठ येते पण इंजिन उतरत नाही? दोन्ही दुखणी निराळी. मूठ नीट येत असेल, तर बहुधा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या जोडातली ओ-रिंग गेलेली असते. तिथून जादा हवा आत ओढली जाते आणि मूठ सोडली तरी इंजिन काही वेळ चढ्या आवाजात ओरडत राहतं. अशा गाडीची केबल बदलणं म्हणजे पैसे फुकट.

मी पाहत होतो ती गाडी पहिल्या जातीतली. जुनी, कार्बोरेटरवाली, मागे माशांचा क्रेट बांधलेली. मिस्त्रींनी इंजिन बंद ठेवूनच मूठ पूर्ण पिळली आणि एकदम सोडली. एरवी कार्बोरेटरमधली स्लाइड स्प्रिंगच्या जोराने खाली बसते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. इथे मूठ आळसावत मागे आली, आवाज नाहीच. हँडल डावीकडे वळवून पिळून सोडली, तर अर्ध्यातच थांबली. म्हणजे संशय केबलवर.

तरी त्यांनी सुरुवात मुठीपासून केली. गाडी पडून हँडलचं टोक वाकलं, किंवा नवं रबर जास्त आत सरकलं, तरी मूठ घासते. स्विचचं घर उघडून केबल सोडवली. मुठीच्या नळीखाली ग्रीस आणि धुळीचा काळा चिखल होता. तो रॉकेलच्या फडक्याने पुसला, मूठ मोकळी फिरली. नवं ग्रीस मात्र घातलं नाही. तिथे ग्रीस म्हणजे धुळीला आमंत्रण.

मग कार्बोरेटरचं झाकण फिरवून स्लाइड, स्प्रिंग, सुई सगळं वर काढलं आणि केबलची आतली तार हातानेच मागेपुढे ओढली. एका जागी ती करकरली. हँडलच्या मानेजवळ, जिथे केबल रोज वाकते, तिथे वरचं प्लास्टिक फुटलं होतं आणि गंजाचं पाणी बाहेर आलं होतं. वरच्या निपलपाशी तारेचा एक पदर तुटून काट्यासारखा उभा राहिला होता. ‘तेल सोडून बघा ना,’ गाडीवाला म्हणाला. तेलाने गंज चार दिवस गप्प बसतो, तुटलेला पदर जुळत नाही. आणि पदर केबलच्या आउटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या नळीत, रुतला तर रेस पूर्ण उघडी असतानाच अडकते. असं रस्त्यात झालंच, तर क्लच दाबायचा आणि चावी फिरवून इंजिन बंद करायचं. हँडल लॉक होईल इतकी चावी फिरवायची नाही.

स्लाइड पेट्रोलने धुऊन स्प्रिंगशिवाय नुसतीच घरात सोडली. स्वतःच्या वजनाने सरसर उतरली. तिचा दोष नव्हता. उतरली नसती, तर कार्बोरेटरचे बोल्ट तपासावे लागले असते. ते फार आवळले की अंग वेडंवाकडं होतं आणि स्लाइड धरते. हा आजार बहुतेक वेळा गॅरेजमधूनच मिळतो. पुन्हा बसवतानाही स्लाइडची खाच आतल्या पिनेवर यावी लागते आणि कापलेली बाजू एअर फिल्टरकडे. बीएस-६ नंतरच्या, म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक गाड्यांत इंजेक्शन आल्यामुळे ही स्लाइड गेली, केबल मात्र बऱ्याच गाड्यांत अजून आहेच.

नवी केबल टाकीखालून नेली. मुठीचा मोकळा खेळ दोन ते सहा मिलिमीटरमध्ये बसवला, इंजिन सुरू केलं आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवलं. उजवीकडे जाताना रेस किंचित चढली. गाडीवाल्याच्या ते लक्षातही आलं नाही. तो पैसे मोजत होता. मिस्त्रींनी इंजिन बंद करून टाकी पुन्हा उतरवली. केबल फ्रेमला फार घट्ट बांधली गेली होती. टाय कापून सैल बांधला, टाकी चढवली आणि हँडल परत दोन्हीकडे वळवून पाहिलं. रेस जागची हलली नाही, तेव्हा त्यांनी पैसे घेतले.