एचआयव्ही असलेल्या आईचं दूध बाळाला चालतं का? चालतं, पण गोळीत खंड नको

प्रतिनिधी : एचआयव्ही असलेल्या बाईनं बाळाला अंगावर पाजायचं नाही, असं गावागावांत अजून ऐकू येतं. त्यापायी कुणी पहिल्या दिवसापासून शेळीचं दूध सुरू करतं, कुणी पावडरचा डबा आणतं. हातपंपाचं पाणी, न उकळलेली बाटली, मग जुलाब. म्हणजे एका आजाराला भिऊन बाळ दुसऱ्या आजाराच्या तोंडी दिलं जातं. आईचं औषध नीट चालू असेल तर बाळाला अंगावर पाजता येतं, असं आजचं वैद्यकीय धोरण सांगतं.

लागण कधी होते?

आईकडून बाळाला विषाणू तीन वेळा जाऊ शकतो : पोटात असताना, बाळंतपणात आणि दुधातून. काहीच उपचार नसले तर अशा १०० बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना लागण होते. उपचार वेळेवर मिळाले तर हेच प्रमाण ५ च्या खाली येतं. म्हणून दिवस गेल्यावर पहिल्याच तपासणीत एचआयव्हीची चाचणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. नवऱ्याचीही चाचणी करावी. बाळ अंगावर पीत असताना आईला नव्यानं लागण झाली तर धोका फार वाढतो, कारण तेव्हा रक्तात विषाणू भरमसाठ असतो. अशा काळात निरोध वापरणं हे बाळाचंही संरक्षण आहे.

गोळी काय करते?

एआरटी केंद्रातून मिळणारी गोळी विषाणू मारून संपवत नाही, पण त्याची वाढ थांबवते. रक्तातला विषाणू कमी झाला की दुधातलाही कमी होतो. रोज ठरलेल्या वेळी गोळी घेतली तर काही महिन्यांत तो इतका कमी होतो की दुधातून लागण होण्याची शक्यता साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी राहते. अगदी शून्य होत नाही. म्हणूनच रक्तातला विषाणू मोजणारी ‘व्हायरल लोड’ चाचणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी.

चार-आठ दिवस गोळी बंद झाली की विषाणू परत वाढू लागतो. बाळ तर दिवसरात्र पीतच असतं. शिवाय वारंवार खंड पडला तर विषाणू औषधाला दाद देईनासा होतो आणि औषध बदलावं लागतं. गोळी विसरली तर आठवल्याबरोबर घ्यावी, पण दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. आशाताई देतात त्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी एआरटीच्या गोळीसोबत घेतल्या तर तिच्यातलं डोल्युटेग्राविर हे औषध अंगी नीट लागत नाही. एआरटीची गोळी या गोळ्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी. एकत्र घ्यायच्याच असतील तर जेवणासोबत घ्याव्यात. लोहाची गोळी मात्र बंद करू नये.

पहिले ६ महिने फक्त आईचं दूध

या काळात मध, साखरपाणी, बाळघुटी, गाईचं दूध काहीच नको. वरचं काही दिलं की बाळाच्या कोवळ्या आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि विषाणूला वाट मिळते. थोडं अंगावर, थोडं वरचं हा प्रकार सगळ्यात वाईट. डॉक्टरांनी दिलेलं औषध तेवढं द्यायचं. सहा महिन्यांनंतर वरणभात, खिमटी सुरू करावी, पण अंगावरचं दूध चालू ठेवावं. पाजणं एकदम तोडू नये. डॉक्टरांना विचारून साधारण महिनाभरात हळूहळू कमी करावं. स्तनाला चीर पडली, गाठ आली किंवा पू झाला तर त्या बाजूनं पाजू नये, दूध पिळून टाकावं आणि लगेच दवाखाना गाठावा.

बाळाचं औषध आणि तपासणी

जन्मल्याबरोबर बाळाला औषध सुरू होतं. ते ६ आठवडे चालतं, धोका जास्त असेल तर १२ आठवडे. सहाव्या आठवड्यात बाळाच्या रक्ताचे थेंब कागदावर घेऊन तपासायला पाठवतात. पुढं ६ महिने, १२ महिने आणि शेवटी १८ महिन्यांना तपासणी होते. आईच्या अंगातली प्रतिद्रव्यं बाळात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे साध्या चाचणीवर त्याआधी भरवसा ठेवता येत नाही. पहिला रिपोर्ट चांगला आला म्हणून पुढच्या तपासण्या सोडू नयेत.

माहेरी किंवा ऊसतोडीला जाताना

गोळी चुकते ती बहुतेक अशाच वेळी. बाळंतपणाला माहेरी जाताना किंवा टोळीसोबत कारखान्यावर जाताना आधी केंद्रावर सांगावं. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा जवळच्या केंद्राचा पत्ता मिळू शकतो. केंद्राची पुस्तिका सोबत ठेवावी.

घरात कळेल या भीतीनं गोळ्या पिठाच्या डब्यात लपवणाऱ्या बायका आहेत. त्यांना एवढंच सांगणं : २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमची माहिती संमतीशिवाय फोडता येत नाही. कुणाशी बोलावंसं वाटलं तर १०९७ हा मोफत नंबर आहे. आणि घरच्यांनी सुनेच्या गोळीवर संशय घेण्यापेक्षा तिला गोळीची वेळ आठवून दिली, तर नातवाचं भलं होईल.