वस्ती सुधारायची, तर आधी नकाशा वाचा

मैदानावर पत्रे ठोकून बांधकाम सुरू झाले की लोक खडबडून जागे होतात. सह्या गोळा होतात, मोर्चा निघतो. बहुतेक वेळा तोवर उशीर झालेला असतो, कारण त्या जागेचे काय करायचे हे काही वर्षांपूर्वीच कागदावर ठरलेले असते. आपल्या भागासाठी झटणाऱ्या नागरिक मंडळांनी आणि महिला मंडळांनी नगरनियोजनातल्या मोजक्या गोष्टी समजून घेतल्या, तर त्यांची मेहनत वेळेवर कामी येते.

विकास आराखडा

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रत्येक नियोजन प्राधिकरणाला आपल्या हद्दीचा विकास आराखडा, म्हणजेच ‘डीपी’, करावा लागतो. वीस वर्षांतून किमान एकदा त्याची फेरतपासणी बंधनकारक आहे. कोणती जमीन निवासी, कोणती व्यापारी, कोणती हरित, कोणता रस्ता किती रुंद, शाळा आणि दवाखाना कुठे, हे सारे त्यात असते. महापालिकेकडून आपल्या भागाचा भाग नकाशा मिळवणे हे मंडळाचे पहिले काम. अडवणूक झाली, तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो.

आरक्षण

उद्यान, क्रीडांगण, मंडई यांसाठी राखून ठेवलेला भूखंड म्हणजे आरक्षण. यातल्या अनेक जमिनी खासगी मालकीच्या असतात. त्या रोख मोबदला, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) किंवा वाढीव चटईक्षेत्र देऊन ताब्यात घ्याव्या लागतात. नकाशावर हिरवा रंग दिसला म्हणजे बाग मिळाली, असे नाही. आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. म्हणून प्रभागातल्या सर्व आरक्षणांची यादी करा आणि दरवर्षी प्रत्येकाची सद्यस्थिती लेखी विचारा.

हरकती आणि सूचना

आराखड्याचे प्रारूप तयार झाले की राजपत्रात आणि वृत्तपत्रांत जाहीर सूचना येते. तिच्यात दिलेल्या मुदतीत कोणीही हरकत किंवा सूचना नोंदवू शकतो. ती नियोजन समितीपुढे जाते. या समितीत स्थायी समितीचे तीनपर्यंत सदस्य आणि शासनाने नेमलेले चारपर्यंत तज्ज्ञ असतात.

या हरकतींना किती वजन असते, हे मुंबईने दाखवून दिले. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूपातल्या ढोबळ चुका नागरिक संघटनांनी आणि वास्तुरचनाकारांनी उघड केल्या, हजारो हरकती दाखल झाल्या आणि राज्य सरकारने दोनच महिन्यांत तो आराखडा नव्याने दुरुस्त करायला लावला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि नवा आराखडा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला.

हरकत लिहिताना सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर द्या. नकाशात काय दाखवले आहे, जागेवर काय आहे आणि तुम्हाला काय हवे आहे, हे वेगवेगळे मांडा. आराखडा मंजूर झाल्यावरही कलम ३७ खाली फेरबदल होत राहतात. त्यांच्या नोटिसा वृत्तपत्रांत बारीक अक्षरांत छापून येतात. त्या वाचण्याची जबाबदारी एखाद्या सदस्याकडे कायम असावी.

पदपथाची मोजणी

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. खांब, विजेच्या पेट्या, फलक, उभ्या दुचाकी वगळून उरते ती खरी रुंदी. टेप घेऊन ती दर काही पावलांवर मोजा आणि फोटोसह नोंदवा. ‘फुटपाथ खराब आहे’ या तक्रारीपेक्षा ‘शाळेसमोर ०.७ मीटर जागा उरते’ असे वाक्य फायलीत टिकते.

रस्त्यावरची नजर

अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये मांडले की जिथे दुकाने, घरे आणि वर्दळ एकत्र असते, तिथे लोकांची नजरच रस्ता सुरक्षित ठेवते. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेल्या पुण्याच्या पेठा आणि मुंबईतले गिरगाव याची साक्ष देतात. उंच कुंपणभिंतींच्या संकुलांमधला रस्ता मात्र संध्याकाळनंतर बायकामुलांना नकोसा होतो. दिव्यांच्या मागणीबरोबर रस्त्याकडे उघडणारी दुकाने, बाकडी आणि जाळीची कुंपणेही मागा.

फेरीवाल्यांची जागा

पथविक्रेता अधिनियम, २०१४ ने शहर पथविक्रेता समिती बंधनकारक केली आणि तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे ठेवले. ‘सरसकट हटवा’ ही मागणी कायद्यात बसत नाही आणि न्याय्यही नाही. भाजीवाली आणि चांभार हे वस्तीचेच घटक आहेत. त्यांना बैठकीला बोलवा आणि चालण्याची वाट सोडून हातगाड्या कुठे लागतील, हे एकत्र ठरवा.

अंदाजपत्रकात काम

चांगली सूचना तरतुदीअभावी पडून राहते. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातली छोटी कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू केली. पदपथ, दिवे, बाकडी, बसथांबा अशी कामे क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन सुचवता येतात. अशी सोय नसलेल्या शहरात अंदाजपत्रक तयार होण्याच्या काही महिने आधीच नगरसेवकाला आणि वॉर्ड ऑफिसरला लेखी प्रस्ताव द्या आणि पोच घ्या.

सुरुवात कुठून?

पहिल्या बैठकीला फक्त सोसायट्यांचे अध्यक्ष असतील, तर मागण्या पार्किंगपाशीच थांबतील. भाडेकरू, झोपडपट्टीतले रहिवासी, शाळकरी मुले, अपंग आणि वृद्ध यांच्यासोबत प्रभागात पायी फेरी मारा, नकाशा प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहा आणि एका वर्षासाठी तीनच कामे निवडा. शहराचा आराखडा बंद दाराआड ठरतो अशी तक्रार आपण नेहमी करतो, पण कायद्याने ठेवलेले दार आपल्यापैकी फार थोडे जण ठोठावतात. या महिन्यात आपल्या प्रभागाचा भाग नकाशा मागवा आणि शेजाऱ्यांसोबत बसून वाचा.