जाताना ६०, येताना ४०: सरासरी किती?

परभणीहून गंगाखेडच्या वाटेवर पोखर्णीचे नृसिंह मंदिर आहे. समजा, दर्शनाला जाताना मोटारसायकलचा वेग ताशी ६० किलोमीटर होता, त्याच रस्त्याने परतताना ४०. सरासरी वेग किती? बहुतेक जण पटकन ५० सांगतात. उत्तर ४८ आहे.

सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. इथे अंतर दोन्हीकडे सारखे, पण संथ परतीला वेळ जास्त लागतो. म्हणून सरासरी ४० कडे झुकते. तसेच बाजारात १२० रुपयांची ज्वारी ४० च्या दराने ३ किलो येते, ६० च्या दराने २ किलो. २४० रुपयांत ५ किलो, म्हणजे किलोला ४८. हाच हरात्मक मध्य (व्यस्तांकांच्या सरासरीचा व्यस्तांक). ५० सांगणाऱ्याची बेरीज चुकलेली नसते. त्याने दोन्ही वेळ समान धरलेले असतात. दोन्ही वेगांनी एकेक तास गाडी चालवली, तर ५० च बरोबर. वेग वाढला की वेळ घटतो, तसा एक वाढले की दुसरे घटण्याचा हिशेब भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (इ.स. ११५०) आहे.

याहून सुंदर कोडे असे: जाताना वेग ३० च पडला. पूर्ण फेरीची सरासरी ६० व्हायला परतताना किती हवा? ९० नव्हे. ६० च्या सरासरीने पूर्ण फेरीला जेवढा वेळ लागला असता, तो सगळा जातानाच संपला. आता कोणताही वेग पुरणार नाही.