पिट्युटरीचं ऑपरेशन वॉर्डात पुरं होतं

पिट्युटरी, म्हणजेच पियूषिका ग्रंथी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची. कवटीच्या तळाशी, नाकाच्या मागे हाडाच्या खळगीत बसलेली. तिच्या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात. प्रोलॅक्टिन वाढवणारी गाठ तर बऱ्याचदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आटोक्यात येते. ज्या काढाव्या लागतात, त्या बहुतेक नाकावाटे काढतात. चेहऱ्यावर टाका दिसत नाही, म्हणून नातेवाईक निर्धास्त होतात. पण या शस्त्रक्रियेचं यश पुढच्या काही दिवसांतल्या शुश्रूषेवर तितकंच अवलंबून असतं.

शरीरातलं पाणी राखणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक याच ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात येतं. तिथे धक्का बसला की पाण्यासारखी फिकट लघवी भराभर होऊ लागते. म्हणून सिस्टर दर तासाला पिशवीतली लघवी मापात ओतून आकडा लिहितात. तो सलग दोन-तीन तास 250-300 मिलिलिटरच्या वर राहिला आणि रुग्णाची तहान भागेना, तर डॉक्टरांना लगेच कळवावं लागतं. रक्तातलं सोडियम तपासतातच, मग हा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. पण सोडियम वाढलेलं दिसेपर्यंत बरंच पाणी निघून गेलेलं असतं. नुसता लघवीचा आकडाही फसवा असतो, कारण ऑपरेशनच्या वेळी दिलेलं सलाईन बाहेर पडतानाही लघवी वाढते. म्हणून लघवीचं विशिष्ट गुरुत्व 1.005 च्या खाली गेलंय का, पोटात आणि शिरेतून किती पाणी गेलं, सोडियम किती, हे सगळं एकत्र वाचावं लागतं. नाकाकडेही तसंच लक्ष हवं. पुढे वाकल्यावर स्वच्छ पाणी ठिबकलं किंवा घशाशी खारट चव आली, तर मेंदूभोवतीचं पाणी गळत असल्याची शंका घ्यायची. नाक शिंकरू नका, स्ट्रॉने पिऊ नका, कुंथू नका, हे बजावतात ते त्यासाठीच.

एका सिस्टरकडे इतके रुग्ण असताना तासातासाची नोंद कशी जमणार, हा आक्षेप खरा आहे. पण त्याचं उत्तर नोंदी विरळ करणं हे नव्हे. अशा रुग्णांसाठी पुरेशा परिचारिका नेमणं हेच आहे. शिवाय धोका डिस्चार्जनंतरही उरतो. साधारण आठवड्याच्या सुमारास काहींचं सोडियम उलट खाली घसरतं; डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी पडलं तरी मळमळ आणि गळाठा येतो. तेव्हा घरी नेताना सोडियमची पुढची तपासणी कधी, हे लिहून घ्या, आणि कॉर्टिसॉलची उणीव भरायला हायड्रोकॉर्टिसोन सुरू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नका.